पहिल्या बेसवरच्या खेळाडूला काम नसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या क्रीडा पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, शालेय मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यांची बातमी होती. बातमी आली याचाच खरे तर आनंद व्हायला हवा, कारण त्या पानावर क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाचा शिरकाव होईल तर शपथ. पण आपल्या वार्ताहरांनी जाता जाता एक वाक्य लिहून टाकले आहे. पहिल्या बेसवर, म्हणजे फटका मारून धावणारीने सर्वांत आधी गाठायच्या ठिकाणी, उंच मुलगी उभी करतात, आलेला चेंडू धरण्यापलीकडे तिला फारसे काम नसते, अशा अर्थाचे. ते वाक्य मी दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि हे पत्र लिहायला बसलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी शोधून काढायला नको. त्या बातमीतल्या एका संघात पहिल्या बेसवर जी मुलगी उभी होती ती माझी नात. तेव्हा या प्रकरणात माझा हितसंबंध आहे आणि तो मी जाहीर केला आहे. चौतीस वर्षे लेखापरीक्षणात काढलेल्या माणसाला एवढी शिस्त असावी लागते.

त्या चौतीस वर्षांतले बहुतेक रविवार मी मैदानाच्या कडेला स्कोअरबुक मांडीवर घेऊन घालवले. नेहरू स्टेडियम, पीवायसी, डेक्कन जिमखाना, पूना क्लब. जिथे दोन संघ आणि एक डुगडुगणारे टेबल, तिथे मी. गुणलेखकाला मानधन म्हणून दुपारचे जेवण मिळे आणि ते खेळाडू जेवून उठल्यावर मिळे. तक्रार नाही. चेंडू पडला की टिंब, धाव झाली की आकडा, यात एक समाधान असते. ते ज्याला कळत नाही त्याला समजावता येत नाही. आमच्या घरात ते कुणालाच कळलेले नाही.

निवृत्तीच्या वर्षी न्यू जर्सीचा भाचा आला तो फासे आणि कार्डांवर खेळायचा बेसबॉल (सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ) घेऊन. प्रत्येक कार्ड म्हणजे एक खरा खेळाडू. फासे टाकायचे, येणारा आकडा कार्डावर शोधायचा, तिथे लिहिलेले असते ते झाले असे धरायचे. ज्या खेळाडूने प्रत्यक्षात जास्त फटके मारले त्याच्या कार्डावर फटक्यांची घरे जास्त. हा प्रकार तिकडे जुना आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ साली स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाने असा खेळ बाजारात आणला, तो अजून विकला जातो. सौभाग्यवती त्याला सारीपाट म्हणतात. द्रौपदी पणाला लावू नका म्हणजे झाले, एवढीच त्यांची अट.

भाच्याने आणलेली कार्डे आजकालच्या खेळाडूंची होती. मला त्यांत रस वाटेना. आकड्यांचा नाद लागल्यावर मागे मागे जाता मी १८८६ सालापाशी येऊन थांबलो आणि त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या नॅशनल लीगची कार्डे स्वतःच तयार केली. शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, वॉशिंग्टन असे आठ संघ. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, मागची बाजू कोरी असते. त्यामुळे डेट्रॉइटच्या कॅचरच्या (तिकडचा यष्टिरक्षक म्हणा) पाठीवर अर्धा गणपती आहे. वह्या अप्पा बळवंत चौकातून आणल्या. प्रत्येक जोडीचे १८ सामने, प्रत्येक संघाचे १२६, एकूण ५०४. आषाढीला पहिला फासा टाकला आणि अक्षय्य तृतीयेला शेवटचा.

१८८६ च का, असे भाच्यानेही विचारले होते. एक तर त्या वर्षीचे नियम गमतीचे होते. पिचर, म्हणजे तिकडचा गोलंदाज, ५० फुटांवरून चेंडू टाकत असे, आजचे साडेसाठ फूट १८९३ मध्ये आले. चार नव्हे, सात चेंडू वाईट पडले तर फलंदाजाला फुकटचा बेस मिळे. आणि फलंदाजाने पिचरला 'वर टाक' किंवा 'खाली टाक' असे फर्मावायचे, पिचरने तसाच चेंडू द्यायचा. हा लाड १८८७ पासून बंद झाला, म्हणजे १८८६ हे लाडाचे शेवटचे वर्ष. दुसरे कारण खरे कारण. त्या एका वर्षी, त्या एका लीगमध्ये, पहिल्या बेसवर तीन असे लोक उभे होते की त्यांच्यातून एकाला निवडताना माझ्यासारख्याची झोप उडावी. शिकागोचा कॅप ॲन्सन, डेट्रॉइटचा डॅन ब्रूथर्स आणि न्यूयॉर्कचा रॉजर कॉनर.

फलंदाजीचे आकडे पाहा. ॲन्सनची सरासरी ३७१, म्हणजे हजार वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर ३७१ फटके. ब्रूथर्सची ३७०. कॉनरची ३५५. (पहिला आला तो या तिघांपैकी कुणी नव्हेच, ॲन्सनच्याच संघातला किंग केली, ३८८.) ब्रूथर्सने ११ होमरन मारले, म्हणजे एका फटक्यात चारही बेस. आज ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या वर्षी लीगमध्ये त्याच्या पुढे कुणी नव्हते. कॉनरने २० ट्रिपल मारले, म्हणजे वीस वेळा एका फटक्यात तिसरा बेस गाठला. सहा फूट तीन इंच उंचीचा हा माणूस. त्याच्यासारख्या धिप्पाड लोकांमुळेच न्यूयॉर्कच्या संघाला जायंट्स म्हणू लागले असे सांगतात.

या कॉनरचा मला विशेष लळा आहे. कारकिर्दीत त्याने १३८ होमरन मारले. तो विक्रम १९२१ मध्ये बेब रूथने मोडला तेव्हा कॉनर जिवंत होता, पण विक्रम मोडला गेल्याची दखलही कुणी घेतली नाही, कारण मुळात तो होता हेच कुणी बेरीज करून पाहिले नव्हते. १९३१ मध्ये तो वारला. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावात त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता, तो गावकऱ्यांनी वर्गणी काढून बसवला २००१ मध्ये. बेरीज वेळेवर न करण्याचे परिणाम असे असतात.

असो. फलंदाजीची कार्डे मी आठवड्याभरात संपवली. अडलो ते क्षेत्ररक्षणाशी.

माझ्या खेळात प्रत्येकाला क्षेत्ररक्षणाची प्रत द्यावी लागते, १ ते ५. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे देवाची करणी. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला, प्रत देणे सोपे, त्याने किती चेंडू अडवून फेकले आणि किती घालवले हे वहीत असते. पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे तसे नाही. त्याच्या नावावर 'पुटआउट' नावाचे डोंगरभर आकडे असतात. फलंदाज जमिनीवरून चेंडू मारतो, शॉर्टस्टॉप धावत जाऊन तो अडवतो, फिरतो, फेकतो. फलंदाज पोचायच्या आत पहिल्या बेसवाला एक पाय बेसवर ठेवून तो धरतो. फलंदाज बाद. नोंद कुणाच्या नावावर? धरणाऱ्याच्या. फेकणाऱ्याला 'असिस्ट' म्हणजे साहाय्य. सगळे कष्ट सुनेने केले आणि पुरणपोळीचे कौतुक सासूबाईंच्या वाट्याला गेले, असा हा हिशेब आहे. जेक बेक्ली नावाच्या खेळाडूच्या नावावर कारकिर्दीत २३,००० हून अधिक पुटआउट आहेत, तो विक्रम आजही उभा आहे. त्याचा स्वतःचा हात मात्र फेकीत इतका कच्चा होता की प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेत.

तेव्हा पुटआउट जास्त म्हणजे माणूस चांगला, असे मुळीच नाही. त्याचा पिचर कोण, ते आधी विचारावे लागते. न्यूयॉर्ककडे टिम कीफ होता. तो फलंदाजांना बॅटच लावू देत नसे, आणि असा बाद केलेला फलंदाज कॅचरच्या खात्यात जातो. म्हणजे बिचाऱ्या कॉनरच्या वाट्याला येणारे चेंडूच कमी. डेट्रॉइटकडे लेडी बाल्डविन होता (पुरुष होता, नाव असे पडले). डावखुरा, त्या वर्षी ४२ सामने जिंकलेला. डावखुऱ्या पिचरपुढे उजव्या हाताचे फलंदाज जास्त येतात, ते चेंडू ओढून शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसकडे मारतात, तिथून फेक येते पहिल्या बेसवर. ब्रूथर्सने बोट न हलवता त्याचे पुटआउट वाढले. दोन शाखांचा नफा ताडताना गिऱ्हाईक कुठल्या पेठेतले हे न पाहणारा लेखापरीक्षक आमच्या खात्यात टिकला नसता.

आता उलट बाजू. शॉर्टस्टॉपची फेक वाईट पडली, बेसच्या अलीकडे टप्पा खाऊन उसळली, आणि पहिल्या बेसवाल्याने ताणून, वाकून, टप्प्याबरोबर उचलली. वहीत काय लिहिले जाते? एक पुटआउट. सरळ छातीवर आलेल्या चेंडूला जे, तेच. आणि समजा नाही उचलली, तर चूक लागते फेकणाऱ्याच्या नावावर. म्हणजे पहिल्या बेसवाल्याचे खरे कसब त्याच्या स्वतःच्या रकान्यात कुठेच नाही. असलेच तर ते शॉर्टस्टॉपच्या चुकांच्या रकान्यात आहे, न झालेल्या चुकांच्या रूपाने. जमा रक्कम दुसऱ्याच्या खात्यात, तीही वजाबाकीने शोधायची. अशी खातेवही मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

क्रिकेटमध्ये आपण याच्या नेमके उलट केले, हे मला तेव्हा टेबलाशी बसून पहिल्यांदा लक्षात आले. तीस वर्षे मी 'धावबाद' असे एकाच शब्दात लिहीत आलो. फेक कुणाची, यष्टीपाशी ती धरली कुणी, चेंडू पायाशी आला असताना बेल्स उडवल्या कुणी, काही नाही. त्यांच्याकडे धरणाऱ्याला सगळे श्रेय, आमच्याकडे दोघांनाही भोपळा. आणि सुटलेला झेल? त्याला माझ्या पुस्तकात रकानाच नव्हता. एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले हे आपल्याला पाठ आहे. त्या ५३ मध्ये किती असे होते की दुसऱ्या कुणाच्या ते झेल आहेत हेही लक्षात आले नसते? त्याचा आकडा नाही. होता होता राहिला. बेसबॉलचा तक्ता ज्याने घडवला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देणारा. म्हणजे स्कोअरबुकाची दोन्ही घराणी एकाच मुळाची, आणि आंधळी जागाही दोघांचीच, फक्त वेगवेगळ्या डोळ्यात.

हातमोज्यांचेही पाहा. १८८६ मध्ये पहिल्या बेसवर घातलाच तर एक पातळ चामड्याचा मोजा असे, बोटे कापलेला. शिकागोचा शॉर्टस्टॉप नेड विल्यमसन, हात तोफेसारखा. त्याची फेक ॲन्सन असल्या तळव्यावर घेत असे, दिवसाला दहा-दहा वेळा. ॲन्सनच्या नावावर १८८४ मध्ये पन्नासहून जास्त चुका आहेत. हा आकडा पाहून त्याला गचाळ ठरवणाऱ्यांनी आधी गच्चीवरून कुणाला तरी नारळ टाकायला सांगावा आणि तो खाली धरून दाखवावा. पुढे १८९५ मध्ये मोज्यांचा आकार नियमाने बांधून दिला तेव्हा फक्त दोघांना हवा तेवढा मोठा मोजा वापरायची सूट मिळाली, कॅचरला आणि पहिल्या बेसवाल्याला. आपल्या वार्ताहरांना मी नम्रपणे विचारतो, ज्याला काम नसते त्याला अशी सूट कोण देईल?

तर, प्रती. बरेच दिवस घातले. एकूण पुटआउट बाजूला ठेवले. स्वतः चेंडू अडवून दुसरीकडे फेकल्याचे असिस्ट पाहिले, कारण ते तरी त्याचे स्वतःचे. मग त्या संघाच्या बाकी तिघा आतल्या क्षेत्ररक्षकांच्या चुका पाहिल्या, आणि तेच लोक दुसऱ्या वर्षी वेगळ्या पहिल्या बेसवाल्याकडे फेकत होते तेव्हा किती चुकत, ते ताडून पाहिले. इथे डेट्रॉइटने दगा दिला. ब्रूथर्स आणि त्याचे तीन सोबती १८८५ च्या शेवटी बफेलोहून सात हजार डॉलरला एकगठ्ठा विकत घेतलेले, त्यामुळे एकट्या ब्रूथर्सचा परिणाम निराळा काढताच येईना. शेवटी कॉनरला दोन, ॲन्सनला तीन, ब्रूथर्सला तीन दिले. कॉनरच्या बाजूने आणखी एक होते, तो डावखुरा. पहिल्या बेसवर डावखुऱ्याला दुसऱ्या बेसकडे फेकताना अंग फिरवावे लागत नाही. (१८८० मध्ये ट्रॉयच्या संघाने याच डावखुऱ्याला तिसऱ्या बेसवर उभे केले होते. तिथे डावखुरा म्हणजे उलट्या बाजूचा दरवाजा. वर्षभरात शहाणे झाले.) ब्रूथर्सही डावखुराच होता हे मला ठाऊक आहे. कुणी पत्र लिहू नये.

माझ्या टेबलावर डेट्रॉइट पहिले आले. प्रत्यक्षात ९० सामने जिंकून शिकागो पहिले आणि ८७ जिंकून डेट्रॉइट दुसरे होते, तेव्हा फासे फारसे खोटे बोलले नाहीत.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मला सुचले की चार्ल्स कॉमिस्कीला आणून पाहावे. हा त्या वेळी दुसऱ्या लीगमध्ये, सेंट लुईस ब्राऊन्सचा कर्णधार. १८८५ ते १८८८ सलग चार वर्षे त्याचा संघ त्या लीगमध्ये पहिला, आणि १८८६ च्या अखेरीस ॲन्सनच्या शिकागोलाही त्यांनी चार विरुद्ध दोन असे हरवले. फलंदाजी मात्र बेताचीच. त्याचे नाव झाले ते पहिला बेस सोडून लांब उभे राहण्यासाठी. बाकीचे बेसला खिळल्यासारखे उभे असत, हा बाजूला सरकून उजवीकडचे चेंडू अडवी आणि पिचरला बेसवर धावत यायला सांगे. ही युक्ती पहिल्यांदा त्याचीच की जो स्टार्टसारख्या जुन्या खेळाडूची, यावर वाद आहे. स्टार्ट १८६० पासून खेळत होता आणि ४३ व्या वर्षी, याच १८८६ मध्ये, वॉशिंग्टनकडून शेवटचा खेळला. माझे मत स्टार्टच्या बाजूचे आहे. जो पुढे संघाचा मालक होतो, शोधही त्याच्याच नावावर लागतात.

तर मी डेट्रॉइटच्या पहिल्या बेसवरून ब्रूथर्सला उठवले, कॉमिस्कीला बसवले, प्रत एक दिली, आणि शिकागोविरुद्धचे अठरा सामने तीनदा खेळलो. चोपन्न सामने. ब्रूथर्स असताना डेट्रॉइटने ५४ पैकी २९ जिंकले होते, कॉमिस्की आल्यावर २३. सहा सामन्यांचा फरक. मी प्रत एकवरून आणखी वाढवली, म्हणजे नियमाबाहेर जाऊन त्याला शून्य दिले, तर फरक दोनवर आला. मला आनंद झाला. क्षेत्ररक्षणाची किंमत चार सामने! वहीत लाल शाईने लिहिलेसुद्धा.

रात्री झोप लागेना. पहाटे तीनच्या सुमारास उठून बसलो, कारण एकदम उजेड पडला. प्रत दिली कुणी? मी. फासे टाकले कुणी? मी. जे मी आत घातले तेच बाहेर आले, नुसते सामन्यांच्या भाषेत. जमाखर्च लिहिणारा आणि तपासणारा एकच माणूस, असे प्रकरण मी नोकरीत किती वेळा परत पाठवले असेल! कार्ड असो की भाच्याच्या लॅपटॉपवरचा तोच खेळ असो, फलंदाजीच्या बाबतीत ते खरे बोलते, कारण फलंदाजीची नोंद त्या दिवशी, त्या मैदानावर, कुणीतरी केली होती. क्षेत्ररक्षणातला जो भाग त्या दिवशी लिहिला गेला नाही तो १३०-१४० वर्षांनी फासे टाकून कुणी काढू शकत नाही. नारायण पेठेतल्या जेवणाच्या टेबलावर तर नाहीच.

आणखी एक गोष्ट कार्डांत नाही, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. ॲन्सन खेळाडू म्हणून कितीही थोर असो, १८८३ च्या ऑगस्टमध्ये टोलेडोला गेला असता समोरच्या संघात मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर आहे म्हणून तो खेळायला नकार देऊ लागला. तिकिटांचे पैसे बुडतील म्हटल्यावर खेळला. १८८७ च्या जुलैत त्याच्या शिकागोविरुद्धच्या सामन्यात नेवार्क संघाने वॉकर आणि पिचर जॉर्ज स्टोव्ही यांना बसवून ठेवले, आणि त्याच दिवशी नेवार्क ज्या लीगमध्ये होते तिने कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरवले. माझ्या आठ संघांत एकाही कृष्णवर्णीयाचे कार्ड नाही. मी ५०४ सामने खेळून 'लीगमधला सर्वोत्तम' ठरवला तो कुणाकुणातला, हा प्रश्न मला पुण्यात बसून पडायला काहीच हरकत नाही. पूना क्लबच्या मैदानावर खेळपट्टीची देखभाल करणारे, नेटमध्ये गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकणारे दलित गोलंदाज पळवणकर बाळू आपल्याच गावात खेळले. त्यांना हिंदूंच्या संघात घ्यावे की नाही यावर इथे चर्चा झडल्या. घेतले, आणि मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाती धरला, पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. ॲन्सनची क्षेत्ररक्षणाची प्रत तीन होती, त्या दिवशी मी ती चार केली. हे हिशेबात बसत नाही, कळते मला. पण वही माझी आहे.

आता आपल्या बातमीकडे. नातीच्या संघाचे तीन सामने मी पाहिले. कुठल्या शाळेत ते सांगत नाही, मुलांना त्रास नको. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधले अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. म्हणजे फलंदाज मुलगी तीन-साडेतीन सेकंदांत पहिल्या बेसवर हजर. धरताना चेंडू जरासा हातात नाचला तरी संपले. शाळेकडे एक मोजा, तो तिच्यासाठी मोठा, आत रुमाल घडी करून घालते. मी जुनी सवय म्हणून फुलस्केपवर चार रकाने आखले: छातीवर आलेली फेक, बाजूला गेलेली, टप्पा खाऊन आलेली, डोक्यावरून. तीन सामन्यांत तिच्याकडे ३४ फेकी आल्या. त्यातल्या २२ सरळ होत्या. उरलेल्या १२ पैकी ९ तिने धरल्या, पाय बेसवर ठेवून. तीन सुटल्या, त्यातली एक आजोबाला वाटते की धरायला हवी होती, आणि तसे मी तिला सांगितले. दोन दिवस बोलली नाही.

त्या नऊ फेकी सुटल्या असत्या तर नऊ मुली बेसवर असत्या. पण सामन्याच्या नोंदीत, आपल्या बातमीत, आणि पुढे निवड झाली तिथल्या कागदावर फक्त बॅट होती. कुणी किती फटके मारले, किती धावा. नात बॅटिंगला सातव्या क्रमांकावर येते आणि खरे सांगायचे तर तिथेही तिला वर ठेवले आहे. राखीव खेळाडूंत नाव आले. निवडणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावरून मीही तेच केले असते.

माझी विनंती आपल्याला आहे. १८८६ सालच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत साध्या साध्या सामन्याचा तक्ता छापत. प्रत्येक नावापुढे धावा, फटके, आणि त्याच्यापुढे तीन आकडे, पुटआउट, असिस्ट, चूक. एकेक खिळा हाताने जुळवून. त्या तक्त्यांत टप्प्याची फेक नव्हती हे मी वर रडलोच आहे, पण निदान बाकीचे होते, म्हणून तर मी इथे बसून कॉनरला दोन आणि ब्रूथर्सला तीन देऊ शकलो. आपल्याकडे संगणक आहे आणि शालेय सामन्याला चार ओळी आहेत. पाचवी द्या. चुका कुणाच्या, वाईट फेकी कुणी सावरल्या, एवढेच. नोंद करायला माणूस नसेल तर मी आहे, शनिवार-रविवार मोकळा असतो. पेन्सिल माझी, बस माझी, जेवण खेळाडू उठल्यावर चालेल.

पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर सारीपाटाचा मजकूर काढा, ३४, १२ आणि ९ हे आकडे ठेवा.

आपला,
एक जुना गुणलेखक,
नारायण पेठ, पुणे
(नाव छापू नये, नातीने बजावले आहे.)

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता कळले की सरांनी तिला उजव्या बाजूला मैदानात लांब उभे केले आहे. पहिल्या बेसवर आता आठवीतली एक मुलगी आहे, तिच्याहून चार बोटे बुटकी आणि डावखुरी. काल तिच्या सात फेकी लिहिल्या. दोन टप्प्याच्या होत्या, दोन्ही धरल्या.